एका पायाचं देणं

माझ्या डाव्या गुडघ्यावर एका हमालाचं देणं आहे. पैशाचं नाही; पैसे त्यांनी कधी घेतलेच नाहीत. परभणीच्या मोंढ्यात शंभर किलोची पोती पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा हा माणूस माझ्या आईच्या माहेरगावचा, म्हणून आम्हा भावंडांचा मामा. रक्ताचं नातं काही नव्हतं. आपलं नाव कुठं छापून यावं असं त्यांना कधी वाटलं नाही, म्हणून इथंही ते मामाच राहतील. आज मी शाळकरी मुलींना खो-खो शिकवते, मांडीचे स्नायू कोणते आणि ते काय करतात हे त्यांना समजावते, बारला प्लेटा लावते. या सगळ्याच्या मुळाशी आहे ती एका आडत दुकानामागच्या पत्र्याच्या गोदामात मामांनी शिकवलेली एका पायाची बैठक.

मी शाळेच्या संघात खेळायची तेव्हा हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती. ती वेगळी झाली 1 मे 1999 ला. त्यामुळं जिल्ह्याच्या स्पर्धेला वसमत, कळमनुरीपासून जिंतूर, गंगाखेडपर्यंतचे संघ यायचे. मॅट वगैरे काही नव्हतं. काळ्या जमिनीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान करायचं. पावसात ही माती पायाला धरून बसते आणि दिवाळी उलटली की तिला भेगा पडायला लागतात. मुरूम कितीही दाबा, भेग खालून वर येतेच.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी चौकोनात उकिडव्या बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. पाठीवर हात पडला आणि 'खो' ऐकू आला की बसल्या जागेवरून थेट पळत सुटायचं. तिथं जरा उशीर झाला की समोरची गेलीच. हे बसणं आम्हाला दोन तऱ्हांनी शिकवलं होतं. एका तऱ्हेत दोन्ही पाय एका रेषेत, भार दोन्हीवर सारखा. त्यात उजवीकडं-डावीकडं सारख्याच सहजतेनं वळता येतं. दुसरीला सगळे 'बुलेट टो' म्हणतात. तिच्यात एक पाय पुढं, एक मागं, शंभर मीटरच्या धावपटूसारखा. तिच्यात पहिलं पाऊल झपकन पडतं, पण त्या पहिल्या पावलाचा जवळजवळ सगळा भार एकाच पायावर येतो. दोन पायांवरची बैठक बरी की एका पायावरची, हा वाद जगभरच्या व्यायामशाळांत चालतो. आमच्या खेळात तो आधीपासूनच बसलेला होता, मला मात्र तो दिसायला गुडघा जायबंदी व्हावा लागला.

खांबाला हात घालून वळताना डावा पाय भेगेत अडकला आणि अंग पुढं फिरलं. गुडघा संध्याकाळपर्यंत तांब्याएवढा सुजला. ज्यांच्याकडं नेलं त्यांनी प्लास्टर घातलं आणि ते काढल्यावर सांगितलं की आता पळापळी बंद आणि उकिडवं बसणं तर अजिबात नाही. त्या काळी असा सल्ला सर्रास मिळायचा. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या कार्ल क्लाइन यांनी 1961 मध्ये मांडलं होतं की खोल बैठकांनी गुडघ्याच्या दोऱ्या, म्हणजे अस्थिबंध, सैल पडतात. पुढच्या अभ्यासांत निरोगी गुडघ्यांच्या बाबतीत ते टिकलं नाही, पण भीती मात्र जगभर पसरली आणि कित्येक वर्षं राहिली. आमच्याकडच्या बाया सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उकिडव्या बसून खुरपतात, त्यांच्यापर्यंत ती कधी पोचली नाही एवढंच.

मी घरात बसून राहिले. आई रात्री तेल लावायची आणि काही बोलायची नाही.

मामा आमच्याकडं आले ते ज्वारीचं पोतं टाकायला. मला भिंतीला धरून न्हाणीकडं जाताना त्यांनी पाहिलं. खिशातून सुतळी काढली, पोती शिवताना दाभणात ओवतात ती, आणि आईच्या हातात दिली. "वाटीपासून वर एक वीत मोज बाई, आन् तितं मांडीला गुंडाळ. गाठ मार. मंग दुसऱ्या पायाचं तसंच." एवढं सांगून ते दाराकडं तोंड करून उभे राहिले. आईनं दोन्ही मांड्या मोजल्या, दोन गाठी मारल्या. मामांनी सुतळी उजेडात धरली. दोन गाठींमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर होतं.

"गुडघा नाई गेला तुजा. मांडी गेली. मांडी आली की गुडघा तिच्या मागं येतोय."

पुढं शिकायला गेल्यावर कळलं की सांधा जखडून ठेवला की मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, झपाट्यानं झिजतो, आणि दवाखान्यातसुद्धा दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजूनच ही झीज तपासतात. मामांना ते ठाऊक होतं कुस्तीमुळं. तरुणपणी ते तालमीत होते. दुधना आणि पूर्णेकाठच्या जत्रांतून त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. तांबड्या मातीत गुडघा धरलेले पैलवान त्यांनी पाहिले होते आणि ते पुन्हा उभे कसे राहतात तेही. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. माझ्या गुडघ्याची दोरी ताणली होती, तुटली नव्हती. तुटली असती तर कुणाच्याही बैठकांनी ती सांधली नसती. दुखरा गुडघा घेऊन माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी तपासायला पाठवते ते याचमुळं.

मोंढ्यात लिलाव सुरू व्हायच्या आधी गोदामात शांतता असायची. आई माझ्यासोबत यायची आणि तुरीच्या पोत्यांना टेकून बसायची. मामांनी तीन पोती आडवी एकावर एक रचली आणि त्या थप्पीवर मला बसवलं. उजवा पाय उचलायचा, डाव्या पायावर उभं राहायचं, पुन्हा सावकाश बसायचं. थप्पी उंच, त्यामुळं गुडघा थोडाच वाकायचा. हातानं समोरच्या खांबाची सुतळी धरलेली, तोल जाऊ नये म्हणून. फरशीवर त्यांनी खडूनं एक रेघ ओढली होती आणि पायाचं दुसरं बोट त्या रेघेवर ठेवायला लावलं होतं. उठताना गुडघा रेघेच्या आत झुकला की ती बैठक मोजायची नाही. माझा गुडघा सारखा आत झुकायचा. मला वाटायचं दोष गुडघ्याचा. मामा ढुंगणाच्या वरच्या बाजूला, कमरेच्या हाडाखाली स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवायचे: जोर इथून येतो, इथं ढिलं पडलं की गुडघा आत पडतो. त्या स्नायूला ग्लुटिअस मीडिअस म्हणतात आणि एका पायावर उभं असताना कंबर एका अंगाला कलू न देणं हे त्याचं काम, हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला पुस्तकापेक्षा मामांचं बोट आठवलं.

तीन पोत्यांवरून स्वच्छ उठता यायला लागल्यावर त्यांनी एक पोतं काढलं. मग पुन्हा तेच. मग आणखी एक. शेवटच्या पोत्यावरून एका पायानं उठणं ही खरीखुरी खोल बैठक असते. आता इंटरनेटवर तरुण मुलं बाकड्यावरून, मग स्टुलावरून, मग ठोकळ्यावरून हेच करताना दिसतात आणि मोकळा पाय समोर ताठ धरून थेट जमिनीपर्यंत जातात. त्याला पिस्टल स्क्वॉट म्हणतात. मामांना तो समोर ताठ धरलेला पाय पसंत नव्हता. पाय समोर धरला की खाली गेल्यावर कंबर मागून गोल होते, आणि घोटा पुरेसा वाकत नसेल तर माणूस मागं पडतो. त्यांची बैठक मोकळा पाय मागं दुमडून होती. त्यात धड थोडं पुढं झुकतं, पाठ सरळ राहते. तिसरा प्रकार मागचा पाय पोत्यावर टेकवून पुढच्या पायानं बसण्याचा. याला आज सगळं जग बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतं. बल्गेरियाच्या वेटलिफ्टिंगचा एके काळी जो दबदबा होता त्यातून ते नाव चिकटलं. मामा त्याला काहीच म्हणायचे नाहीत. "मागचा टेकव, म्होरच्यानं बस," एवढंच.

मी एकदा विचारलं, एका पायावर कशाला, दोन पायांच्या बैठका काढल्या तर नाही का चालणार? शेकड्यानं बैठका काढणारे पैलवान मी पाहिले होते.

"दोन पाय एकमेकाचं झाकतेत माय. तू दोन पायांवर बसलीस की उजवा म्हणतोय, राहू दे, मी उचलतो. तुला कळत बी नाई. डाव्याला एकटं पाड, मंग तो काय हाय ते दिसंल."

आणि मग त्यांनी कुस्तीतलं सांगितलं. समोरच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे तुमचा एक पाय त्याच्या दोन्ही हातांत गेला, की उरलेल्या एका पायावर तुमचं अंग आणि त्याचा जोर दोन्ही पेलायचं असतं. टांग मारायची तर स्वतःच एका पायावर उभं राहावं लागतं. पैलवान उभा असतो दोन पायांवर, पण कुस्ती होते ती बहुतेक एका पायावर. खो-खोही तसाच, आणि पळणं तर पूर्णच तसं: पळताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. आमच्या परभणीची ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, तेव्हा मी माझ्या मुलींना तेच सांगितलं. बेचाळीस किलोमीटर म्हणजे हजारो वेळा एकेका पायावर पडणं आणि त्याच पायानं उठणं.

यातलं गणित मी पुढं मांडून पाहिलं. तेव्हा माझं वजन 44 किलो असेल. एका पायावर बसले की पायाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब सोडला तर ते सगळं एका मांडीवर. दोन पायांच्या बैठकीत प्रत्येक मांडीवर तेवढाच भार आणायचा तर खांद्यावर आणखी 44 किलो घ्यावे लागतील. ज्या घरात बार नाही, रॅक नाही, आणि असता तरी पोरीला तो उचलू दिला नसता, त्या घरातल्या मुलीला मामांनी तिच्या वजनाइतका बार फुकट मिळवून दिला होता. आणि पाठीच्या कण्यावर त्यातला एक किलोही पडत नव्हता.

मामांचं स्वतःचं गणित तर थक्क करणारं आहे. साठ किलोचा माणूस, पाठीवर शंभर किलोचं पोतं, पुढं तिरपी फळी. प्रत्येक पावलाला एका पायावर 160 किलो. दोन पायांच्या बैठकीत एकेका पायावर एवढं आणायला खांद्यावर 260 किलोचा बार लागेल. फळीवर गुडघा थोडाच वाकतो, खोल बैठकीशी त्याची बरोबरी होत नाही हे मला मान्य आहे. तरीही एका पायाचं बळ म्हणजे काय हे मला फळीवरच्या त्या पावलांतच पहिल्यांदा दिसलं: आधी टाच टेकायची, मग क्षणभर थांबायचं, मग गुडघा सरळ व्हायचा आणि फळी खाली दबून पुन्हा वर यायची.

मी या सगळ्याच्या बदल्यात काय दिलं? मामांनी एकदाच काही मागितलं. हमालांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून माथाडी कायदा आहे. नोंदणी झाली तर भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, थोडीफार सुरक्षा. पण अर्ज भरायचा कुणी? मी संध्याकाळी गोदामात बसून त्यांच्या सोबत्यांचे अर्ज भरून दिले. नाव, गाव, वय, किती वर्षांपासून काम, खाली अंगठा. वयाच्या रकान्यापाशी सगळे अडायचे. एकानं सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं, त्यावरून काय ते काढ. अर्ज लिहिताना मला कळलं की मला शिकवणारा माणूस आठवड्याला किती टन उचलतो आणि त्याचे किती मिळतात. त्यानंतर मामांकडून काही शिकताना माझं मन कधी हलकं राहिलं नाही. आणि ते अर्ज भरून फिटलं असंही मला कधी वाटलं नाही.

सुतळीच्या दोन गाठी हळूहळू जवळ आल्या. मी मैदानावर परतले, कॉलेजकडून खेळले आणि मग शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी औरंगाबादला गेले. तिथं पहिल्यांदा बार खांद्यावर घेतला.

बारबद्दल मी मनापासून चांगलंच बोलणार आहे. एका पायाच्या बैठकीवर वाढलेली माणसं कधी कधी बारला नावं ठेवतात, आणि ते मला पटत नाही. एका पायावर असताना जोराचा मोठा वाटा तोल सांभाळण्यात जातो. माणूस कधीच पूर्ण ताकद लावू शकत नाही. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, बार मानेखाली नीट बसलेला, पोटात हवा भरून धड आवळलेलं, अशा वेळी अंगातलं सगळं बळ एकाच कामाला लागतं. पाठ, पोट, नितंब, मांड्या, सगळं एकत्र. शिवाय बारला सव्वा किलोची प्लेट लावून आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवता येतं. पोत्याच्या थप्पीला अशी मोजपट्टी नसते. बायकांचा बार 15 किलोचा, पुरुषांचा 20 चा. तिथून सुरू करून मी माझ्या वजनापेक्षा पुष्कळ पुढं गेले. खो-खोत बसल्या जागेवरून उठण्याचा माझा वेग त्या काळात वाढला. हे बारनं केलं, आणि त्याचं श्रेय त्याचंच.

तिथल्या ग्रंथालयात मला मिलो स्टाइनबॉर्न भेटला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतून अमेरिकेत गेलेला हा पैलवान. जड बार खांद्यावर घेऊन खोल बैठका मारायची पद्धत तिकडं रुजवली ती मुख्यतः त्यानं, 1920 च्या दशकात. तेव्हा रॅक नसायचे. तो बार जमिनीवर उभा करायचा, त्याच्या बुडाशी खाली बसायचा आणि बार कलता करत आपल्या खांद्यांवर आडवा घ्यायचा. मग तसाच उठायचा. सुट्टीत घरी आले तेव्हा मामांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी हातानं सगळी क्रिया करून पाहिली, थप्पीवरचं पोतं पाठीवर कलतं घेतात तशी.

"म्हंजे हमालच की त्यो!"

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडं छातीठोकपणे म्हणतात. माझ्या पायांच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं: बार जर्मनाकडून, एक पाय परभणीकडून. आणि वजन घेऊन बैठका ही काही फक्त परक्यांची गोष्ट नाही. गामा पैलवानाचं गळ्यात घालायचं कडं, हसली, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. ते सुमारे 95 किलोचं आहे आणि ते गळ्यात घालून तो बैठका काढायचा.

तरीही कॉलेजात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बारचा आकडा वाढत होता, आणि वर्गातल्या मुलामुलींना एका पायावर बसायला सांगितलं की दहातले आठ डगमगत. कुणाचा उजवा गुडघा आत पडे, कुणाची कंबर एका अंगाला झुके. बार सरळ वर जात होता म्हणून हे कुणाला दिसत नव्हतं. जड बारखाली बहुतेकांची आधी कंबर थकायची, मांड्यांत जोर शिल्लक असतानाच. एका पायाच्या बैठकीत हे उलटं होतं: निम्म्या वजनात मांडी पुरती दमते आणि पाठ मोकळी राहते. अमेरिकेतले माइक बॉइल हे नावाजलेले प्रशिक्षक याच कारणानं आपल्या खेळाडूंना पाठीवरच्या बारऐवजी मागचा पाय उंचावर ठेवून एका पायाच्या बैठका देऊ लागले, आणि त्यावरून तिकडं केवढा गदारोळ झाला.

मग 2016 मध्ये एक अभ्यास छापून आला. रग्बी अकादमीतले 18 खेळाडू, दोन गट, पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा. एका गटाला पाठीवर बार घेऊन दोन पायांचे स्क्वॉट, दुसऱ्याला मागचा पाय उंच ठेवून एका पायाचे. शेवटी ताकद, चाळीस मीटरची धाव आणि वळून पळणं या तिन्हींत दोन्ही गटांची प्रगती जवळजवळ सारखीच निघाली. अठराच जण होते आणि पाच आठवडे म्हणजे फार नव्हेत, त्यामुळं यावरून शेवटचा निकाल देता येत नाही. पण एक पाय हा दोन पायांच्या खालचा, कच्च्या माणसांचा व्यायाम, ही समजूत त्यानं नक्की मोडली. शरीरशास्त्रात तर फार पूर्वीपासून माहीत आहे की दोन्ही पायांनी एकत्र लावलेला जोर हा बहुधा एकेका पायाच्या जोराच्या बेरजेपेक्षा थोडा कमी भरतो.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते आता मोंढ्यात जात नाहीत. पोती पन्नास किलोची झाली, पण त्यांच्यासाठी ती उशिरा झाली. त्यांची पाठ वाकली आहे. सरळ उभं राहायला दाराच्या चौकटीला हात लावावा लागतो. मांड्या मात्र अजून कणखर आहेत. खाली सतरंजीवरून हात न टेकता उठतात. "पाठ गेली, पाय ऱ्हायले," असं ते सहज बोलून जातात आणि मला तिथं बसवत नाही. काम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात वजन माणूस ठरवतो, विश्रांती माणूस ठरवतो. हमालीत दोन्ही दुसरा ठरवतो. त्यांच्या पाठीवरून हजारो क्विंटल धान्य ट्रकमध्ये गेलं आणि त्यातून जे शहाणपण शिल्लक राहिलं ते त्यांनी मला फुकट दिलं. मी ते विकत नाही. माझ्या मुलींकडून मी फी घेत नाही. बाकी मला काय करता येईल हे मला अजून सापडलेलं नाही.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. मामांनी तो सामना आमच्या घरी टीव्हीवर पाहिला, माझ्या मुलींच्या घोळक्यात बसून. स्कोअरकडं त्यांचं लक्ष नव्हतं. 'खो' मिळाल्यावर कोण कोणत्या पायावर उठते एवढंच ते बघत होते आणि मधूनच शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून दाखवत होते.

माझ्याकडं येणाऱ्या मुलीला आधी थप्पी असते. पोत्यांऐवजी आता लाकडी ठोकळे आहेत, एवढाच फरक. दोन्ही पायांवर वेगवेगळं, गुडघा रेघेवर ठेवून, सारख्याच संख्येनं उठता आलं की पुढं. एका पायानं दोन बैठका जास्त निघत असतील तर संख्या कमकुवत पायाच्या हिशेबानं ठरते, बळकट पायाला थांबवायचं. ही शिस्त मामांची आणि ती मी कधी बदलली नाही. त्यानंतर बार: आठवड्यातून एक दिवस दोन पायांचा स्क्वॉट, एक दिवस मागचा पाय टेकवून हातात डंबेल घेऊन. मोठ्या मुलींना जड, लहानांना हलका.

इथं आमचं वाजतं. शाळेतल्या पोरींच्या खांद्यावर लोखंड नको, हाडं कच्ची असतात, असं मामांचं ठाम म्हणणं आहे. मी त्यांना सांगते की नीट शिकवलं, वजन हलकं ठेवलं आणि जवळ उभं राहून लक्ष दिलं तर या वयात त्यानं इजा होत नाही, उलट हाडं आणि स्नायू दोन्ही घट्ट होतात. आज क्रीडावैद्यकाचं मतही तेच आहे. ते ऐकून घेतात, मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या एखाद्या मुलीच्या आईला गाठून सांगतात, "बाईला म्हणावं, लोखंड नको म्हणून." त्यांनी आयुष्यभर जे ओझं वाहिलं ते पाहिलेल्या माणसाला त्यांच्या म्हणण्यामागचं कारण विचारावं लागत नाही. पण मला या बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही. येत्या रविवारी मी त्यांना मैदानावर घेऊन येणार आहे. आठवीतल्या दोघी एकेका पायाच्या बैठकांत दोन्ही पायांवर रेघेबाहेर जात नाहीत, मामांनीच त्यांना पास केलंय. त्या दोघींच्या खांद्यावर पंधरा किलोचा रिकामा बार मामांसमोर देणार आहे. त्यांचं मन वळेलच असं नाही, पण त्यांच्या नजरेआड मला हे करायचं नाही.